मुंगसाची इंग्रजी वाट

इंग्रजीतला 'मंगूस' हा आपलाच मुंगूस. सतराव्या शतकात मराठीतून तो तिकडे गेला. तिथे 'गूस' म्हणजे बदक जातीतला हंसक पक्षी. त्याचे अनेकवचन 'गीज'. मुंगसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, म्हणून अनेक मुंगसे सहसा 'मंगूसेस'च होतात.

रोज तोंडी असलेल्या 'नाइस'चा उगम तर चक्रावून टाकतो. लॅटिनमधला मूळ शब्द 'नेस्कियुस', म्हणजे अजाण. इंग्रजीत तो आधी 'मूर्ख' या अर्थाने आला, मग चोखंदळ, नाजूक, नेमका अशी वळणे घेत अठराव्या शतकात 'छान' झाला.

याउलट 'पेट्रिकोर'ची जन्मतारीख ठाऊक आहे. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1964 साली 'नेचर'मध्ये तो वापरला. ग्रीक 'पेट्रा' म्हणजे दगड, 'इकोर' म्हणजे देवांच्या नसांतला द्रव. तापलेल्या, कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की उठणारा वास तो हाच. वनस्पतींची तेले माती-खडकांत मुरलेली असतात. त्यात मातीतल्या जिवाणूंनी बनवलेले जिओस्मिन मिसळते. कनौजचे अत्तरवाले हाच वास भाजलेल्या मातीतून ऊर्ध्वपातनाने चंदनतेलात उतरवतात.

मराठीत त्याला मृद्गंध म्हणतात, आणि हा शब्द उच्चारायलाही किती सुंदर आहे!