वऱ्हाडातील मुले आणि उभा कडा

वऱ्हाडातील एखाद्या चांगल्या घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला कडेकपारी चढण्याचा छंद जडला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर प्रथम विस्मय आणि मागाहून चिंता उमटते. ‘काहून जीव धोक्यात घालतं रे?’ असे आजी विचारते, दहावीचे वर्ष तोंडावर असल्याचे वडील बजावतात, आणि आपल्या सपाट मुलखात डोंगर आहेतच कुठे, असा अभिप्राय शेजारपाजारचे देऊन मोकळे होतात. पहिल्या दोन आक्षेपांचा विचार सावकाश करता येईल. तिसरा मात्र वस्तुस्थितीला धरून नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आणि अकोला त्याहूनही खाली वसले असले, पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन दृष्टी पोहोचेल तिथवर पसरली असली, तरी परतवाड्याच्या किंवा अकोटच्या उत्तरेस हे मैदान एकाएकी संपते आणि सातपुड्याची गाविलगड रांग तटासारखी उभी राहते. चिखलदऱ्याचे पठार तर सुमारे अकराशे मीटर उंच आहे.

आज ज्याला स्पर्धात्मक चढाई म्हणतात, तो खेळ मात्र डोंगरावर नव्हे, कृत्रिम भिंतीवर खेळला जातो, आणि टोकियो येथे 2021 साली भरलेल्या ऑलिंपिकपासून त्याला त्या महोत्सवात स्थान मिळाले आहे. त्याचे प्रकार तीन. वेगाच्या चढाईत भिंत 15 मीटर उंच आणि चढणाऱ्याच्या अंगावर 5 अंशांनी झुकलेली असते, आणि तिच्यावरील हातापायांच्या आधारांची मांडणी जगभर एकच ठरलेली असते. पॅरिस येथे 2024 साली इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दो याने ही भिंत 4.75 सेकंदांत चढून सुवर्णपदक मिळविले. मला या प्रकाराचे विशेष मोल वाटते ते असे की, अकोल्यात अशी एक भिंत उभी राहिली, तर तेथील मुलगी ऑलिंपिक विजेत्या स्त्रीने जी वाट चढली तंतोतंत तीच वाट रोज चढू शकेल. इतकी समान संधी फार थोड्या खेळांत लाभते. दुसऱ्या प्रकारास बोल्डरिंग म्हणतात. त्यात साडेचार मीटरपर्यंतच्या भिंतीवर दोराविना, खाली जाड गाद्या अंथरून, अवघड अशा चार-सहा हालचालींचे कोडे सोडवावयाचे असते. तिसऱ्या, म्हणजे लीड प्रकारात दोर कमरेच्या हार्नेसला बांधून, तो वाटेतील कड्यांत अडकवीत, सहा मिनिटांत जितके उंच जाता येईल तितके जावयाचे असते.

या तिसऱ्या प्रकारातील एक दृश्य पाहण्याजोगे असते. स्पर्धेपूर्वी सर्व स्पर्धकांना एकत्र भिंतीसमोर आणून काही मिनिटे ती नुसती न्याहाळू देतात. मुले मान वर करून उभी असतात आणि दोन्ही हात हवेत हलवीत, डावा कुठे, उजवा कुठे, पाऊल कोणत्या आधारावर, याची उजळणी करतात. मग त्यांना आत नेऊन बसवितात, कारण इतरांची चढाई पाहून वाट समजून घेण्याची मुभा नसते. बाहुबळाची म्हणून ओळखली जाणारी ही विद्या मुळात वाचनाची आणि विचाराची आहे. जी मुलगी भूमितीची आकृती तासभर न कंटाळता पाहू शकते, ती या खेळात पुढे जाण्याचा संभव अधिक. स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट हिने टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ठिकाणी सुवर्णपदक पटकावले. तिच्या देशाची लोकसंख्या सुमारे 21 लाख, आणि 2011 च्या शिरगणतीत एकट्या अमरावती जिल्ह्याची 28 लाख 88 हजार.

शिवाय या विद्येचे बीज अमरावतीत आधीच रुजलेले आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना येथे 1914 साली झाली, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने त्या परक्या राजधानीत देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, त्याच्या एरंडेल तेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर, किंवा टांगलेल्या दोरावर, पायाच्या अंगठ्यात पकड धरून उलटे होणारा मुलगा पाहिला की चढाईच्या प्रशिक्षकाने त्याला अगदी नवशिक्या म्हणू नये असे वाटते. पकड, पोटाच्या स्नायूंची बळकटी, देह अधांतरी असता श्वास स्थिर ठेवण्याची सवय, आणि पडण्याच्या भीतीशी रोजचा परिचय, या गोष्टी तो शिकूनच आलेला असतो. त्याने शिकावयाचे राहते ते पावलांचे बारकावे आणि दोराचे शास्त्र.

दोराच्या शास्त्रात घाईला थारा नाही. हार्नेसला दोर आठच्या गाठीने बांधावयाचा, गाठीचे पदर एकमेकांवर न चढता समांतर बसले आहेत हे बोटाने चाचपावयाचे, आणि मग आपली गाठ जोडीदाराने व त्याचे बिले उपकरण, म्हणजे खालून दोर आवरून धरण्याचे साधन, आपण तपासावयाचे. प्रत्येक चढाईआधी, चढणारा कितीही मुरलेला असो, हा शिरस्ता चुकवावयाचा नाही. आजीच्या प्रश्नाचे खरे उत्तर या तपासणीत आहे. धोका नाहीसा होत नाही, पण तो ओळखून आटोक्यात ठेवण्याची शिस्त मुलाच्या अंगी बाणते.

भिंतीवरून खऱ्या खडकाकडे जाताना वऱ्हाडातील मुलाने काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. आपला खडक बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. कठीण पट्ट्यांच्या मध्ये ठिसूळ मुरमाचे पट्टे येतात, आणि घट्ट दिसणारा दगड हातात निघून येतो. म्हणून जाणकार मनुष्य आधार घेण्यापूर्वी त्यावर मुठीने ठोकतो आणि कान देतो. पोकळ नाद आला तर तो आधार सोडून देतो. पावसाळ्यात हे कडे शेवाळतात, उन्हाळ्यात वऱ्हाडच्या उन्हात खडकाला हात लाववत नाही; तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ उचित. कपारीत लोंबणारी आग्या मोहोळे हा आणखी एक धोका, आणि तो धूर, गोंगाट व अत्तराच्या वासाने वाढतो.

गाविलगड किल्ल्याचा इतिहास तर चढाईनेच लिहिला आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने बाहेरचा कोट घेतला, तरी आतला कोट अभेद्य उभा होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल याने 94 व्या पलटणीच्या तुकडीसह तटाला शिड्या लावल्या, तो चढून गेला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह मान्य करावा लागला. पण हा गड आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा हे दोन्ही आज संरक्षित स्मारके आहेत. त्यांच्या तटांत मेख किंवा बोल्ट ठोकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि सभोवतीचे अरण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे असल्याने वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे चढाईचा विचारही करू नये. प्राचीन शिल्पाला आणि वन्य पशूला उपद्रव देऊन मिळविलेल्या शौर्याला मी शौर्य मानणार नाही.

दहावीचा आक्षेप राहिला. शाळेत शिकता शिकताही हे साधते, याचे उदाहरण विदर्भातच घडले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांतील मुलांनी ऑगस्ट 2017 मध्ये ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात प्रशिक्षण सुरू केले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असा त्यांचा क्रम झाला, आणि मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे व विकास सोयाम ही पाच मुले एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली. बर्फ कधी न पाहिलेल्या मुलांना एका वर्षाच्या आत तेथवर नेता आले, कारण शासनाच्या खात्याने खर्चाची तजवीज केली आणि शिकविणारी माणसे दिली. मुलांत धमक होतीच. नसतो तो बहुधा मार्ग.

तथापि वयाच्या विक्रमांची जी चढाओढ चालते, ती मला मान्य नाही. नेपाळने एव्हरेस्टसाठी किमान 16 वर्षांची अट घातली आहे, ती योग्यच आहे. वाढत्या मुलांची बोटे हा याहूनही निकडीचा विषय आहे. तेरा ते सतरा या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या कोवळ्या चकत्या असतात, आणि बारीक आधारांवर बोटांच्या जोरावर वारंवार लोंबकळल्याने बोटाच्या मधल्या सांध्याशी, विशेषेकरून मधल्या बोटात, त्यांना तडा जातो. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत पाय न टेकता बोटांवर उड्या मारीत वर जाण्याचा कॅम्पस बोर्डाचा व्यायाम वर्ज्य करावा, आणि त्या सांध्याशी दुखणे टिकून राहिले तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. पालकांनी मुलाला विचारावयाचा प्रश्न ‘किती उंच गेलास?’ हा नसून ‘बोटे दुखतात का?’ हा आहे.

माझी विनंती दोघांना आहे. अमरावती आणि अकोला येथील क्रीडा खात्याच्या अधिकाऱ्यांनी जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत अधिकृत मापाच्या चढाईच्या भिंतीची, आणि भिंतीइतकीच प्रशिक्षित माणसाची, तजवीज करावी. माणसावाचून भिंत उभारणे निरुपयोगी आणि धोक्याचेही होईल. आणि पालकांनी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत, प्रवेशाचे नियम आधी विचारून घेऊन, अकोटच्या उत्तरेस शहानूर गावावरून मुलांना नरनाळ्यावर पायी न्यावे, आणि परतल्यावर त्यांना हा छंद पुढे चालवावयाचा आहे काय, हे त्यांच्याच तोंडून ऐकून मग निर्णय करावा.