खात्यात १५,४०० दिसतायत, पण खर्चायला किती? डिजिटल पाकिटांची पद्धत

महिन्याची १२ तारीख. खात्यात १५,४०० रुपये आहेत आणि ३,००० रुपयांचे हेडफोन आवडलेत. घ्यायचे का? बँकेचं अ‍ॅप उघडलं तर आपण लगेच 'हो' म्हणतो, कारण तिथे एकच आकडा दिसतो. त्यातले वीजबिलाचे किती, किराण्याचे किती, हे बँकेला माहीतच नसतं. पाकीट पद्धत नेमकं तेवढंच सांगते.

पद्धत जुनीच आहे. पगार रोख मिळायचा तेव्हा भाड्याचे, दुधाचे, वाण्याचे पैसे पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या पाकिटांत किंवा डब्यांत पडायचे. दुधाचं पाकीट रिकामं झालं की हाताला कळायचं. यूपीआयमध्ये हाताला काहीच कळत नाही. दहा रुपयांचा चहा असो की दहा हजारांचं भाडं, स्कॅन तेच. म्हणून आता पाकिटंही फोनमध्येच हवीत.

पाकिटं कशी भरायची?

समजा दोघांचं घर आहे आणि महिन्याला हातात ३६,००० येतात. पगार जमा झाला की प्रत्येक रुपयाला काम द्यायचं:

- घरभाडं: ११,०००
- गावी आईबाबांना: ५,०००
- किराणा, दूध, भाजी: ६,०००
- वीज, गॅस, रिचार्ज: २,५००
- प्रवास, पेट्रोल: २,५००
- बाहेर खाणं, मौजमजा: २,०००
- औषधपाणी: १,०००
- वर्षाचे खर्च: २,०००
- बचत: ४,०००

बेरीज बरोबर ३६,०००, शिल्लक शून्य. 'वर्षाचे खर्च' हे पाकीट सगळ्यात उपयोगी. गाडीचा विमा, दिवाळी, गावची तिकिटं मिळून वर्षाला २४,००० लागत असतील, तर ते भागिले १२. मग दिवाळी आली तरी कोणाकडे उसने मागावे लागत नाहीत.

आता हेडफोनकडे येऊ. भाडं आणि गावचे पैसे गेलेत. उरलेल्या १५,४०० मध्ये किराण्याचे ३,२००, बिलांचे २,५००, प्रवासाचे १,५००, औषधांचे १,०००, वर्षाचे २,००० आणि बचतीचे ४,००० आहेत. मौजमजेचे फक्त १,२००. म्हणजे १,८०० कमी पडतात. 'परवडेल का?' हा प्रश्नच बदलतो. आता प्रश्न असा की, १,८०० कुठल्या पाकिटातून काढायचे? कधीकधी उत्तर 'बचतीतून काढू' असंही येईल, चालतं. पण काय सोडतोय ते डोळ्यांसमोर असतं.

अ‍ॅप कोणतं?

मी गुडबजेट वापरतो. मोफत आवृत्तीत पाकिटांची संख्या मर्यादित असते, पण एका घराला पुरते. एकच खातं दोन फोनवर चालतं, त्यामुळे एकाने भाजी घेऊन नोंद केली की दुसऱ्यालाही उरलेली रक्कम दिसते. 'तू किती उडवलेस?' हे विचारावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर अर्धी भांडणं इथेच मिटतात. खर्चाची नोंद हाताने करावी लागते. ती पैसे देतानाच करा, रात्रीवर ढकललं की राहिलंच. अ‍ॅप नको असेल तर गूगल शीट्समध्ये तीन रकाने पुरेत: भरले, खर्च, उरले.

खरंखुरं वेगळं पाकीट

अ‍ॅपमधलं पाकीट म्हणजे फक्त नोंद, पैसे एकाच खात्यात असतात. किरकोळ खर्चासाठी मात्र यूपीआय लाइट हे खरं पाकीट आहे. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता देता येतात. आठवड्याला ५०० भरा. चहा, रिक्षा, वडापाव त्यातूनच. बँकेच्या स्टेटमेंटमध्येही दहा-वीस रुपयांच्या रांगेऐवजी ५०० ची एकच नोंद दिसते. फक्त ऑटो टॉप-अप बंद ठेवा, नाहीतर पाकिटाला तळच राहत नाही. पिन लागत नसल्यामुळे फोनला लॉक हवंच. आणि या पैशांवर व्याज मिळत नाही, म्हणून जास्त भरून ठेवू नका.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

१. क्रेडिट कार्डाचा खर्च बिल येईल तेव्हा नाही, कार्ड वापरलं त्याच दिवशी पाकिटातून वजा करा. बिल भरायला पैसे तयार असतील.

२. बजेटच्या अ‍ॅपला यूपीआय पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. मागितला तर अ‍ॅप काढून टाका. एसएमएस वाचायची परवानगीही नोंद हाताने करणार असाल तर देऊ नका.

३. पहिल्या महिन्यात आकडे चुकणारच. किराणा ६,००० ऐवजी ७,००० निघाला तर दुसऱ्या पाकिटातून हजार हलवा आणि पुढच्या महिन्याचा आकडा सुधारा.

सुरुवात करायला एक तारखेची वाट बघू नका. आज खात्यात जे आहे तेच वाटून टाका. आणि पुढचा क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी बँकेचं नाही, पाकिटाचं अ‍ॅप उघडा.