‘तर’, ‘तरच’ आणि तर्कशास्त्राचा आरंभ

तर्कशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रायः तीन टप्प्यांनी शिकविला जातो. आरंभी तर्कदोष, मग ॲरिस्टॉटलप्रणीत संवाक्य आणि शेवटी चिन्हांच्या साहाय्याने मांडावयाची आकारिक सिद्धता. प्रत्येक टप्प्याची परिभाषा निराळी असल्यामुळे, दोषांचे प्रकरण व्यवहाराचे, संवाक्याचे पाठांतराचे आणि चिन्हांचे गणिताचे, अशी समजूत पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याच्याही मनात घर करून राहते. वस्तुतः तिन्ही ठिकाणी विचार एकाच गोष्टीचा चाललेला असतो. मराठी भाषकास ती गोष्ट ‘तर’ आणि ‘तरच’ या दोन शब्दांतील भेदावरून सर्वांत लवकर उमगू शकते.

परभणी तालुक्यातील झरी या गावाच्या नावापासूनच आरंभ करता येईल. ‘झरी’ म्हणजे लहान झरा. पाऊस झाला तर झऱ्याला पाणी येते, हे कोणीही मान्य करील. तथापि झरा वाहताना दिसला म्हणून आज पाऊस झालाच असला पाहिजे, असे गावातील शेतकरी म्हणणार नाही. जमिनीत मुरलेले पाणी पाऊस थांबल्यावरही पाझरत राहते, हे त्यास ठाऊक असते. त्याच घरातील मुलगा महाविद्यालयात येतो, ‘प असेल तर न, न आहे, म्हणून प’ हा युक्तिवाद फळ्यावर पाहतो आणि तो वैध आहे असे बिनदिक्कत लिहून देतो. उत्तरांगाच्या स्वीकारावरून पूर्वांगाचा स्वीकार करण्याचा हा दोष होय. विषय परिचयाचा असेल तेथे दोष घडत नाही आणि विषय काढून घेतला की घडतो. यावरून असे दिसते की, शेतकरी वाचला तो पाण्याच्या ज्ञानामुळे. युक्तिवादाच्या आकाराचे ज्ञान ही निराळी मिळकत आहे.

ही अडचण प्राचीनांच्या दृष्टीतून निसटलेली नाही. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अनुमानाच्या प्रामाण्यावरच आक्षेप घेतलेला आढळतो. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाल्याचे अनुमान करावे, तर प्रवाह कोठे अडविला गेल्यानेही पाणी चढू शकते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणावे, तर वारूळ मोडल्यानेही त्या निघतील. मोराचा केकारव ऐकावा, तर तो एखाद्या माणसाने काढलेला आवाजही असू शकेल. यावर वात्स्यायनाने दिलेले उत्तर मार्मिक आहे. केवळ पाणी वाढणे हा हेतूच नव्हे. वेग, फेस आणि वाहून येणारी फळे, पाने व लाकडे यांनी युक्त असा जो पूर, तो हेतू होय. म्हणजे नैयायिक अनुमानाचा आकार न बदलता हेतूच अधिक काटेकोर करतो.

आक्षेपकाचे उदाहरण परभणी जिल्ह्यात आज जुन्या काळापेक्षाही अधिक लागू पडते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सोडले की, गंगाखेडच्या घाटावर आभाळ कोरडे असतानाही गोदावरी चढू शकते. येथे उलट दिशेचा दोष अधिक घातक ठरतो. ‘पाऊस झाला तर पूर येतो, पाऊस नाही, म्हणून पूर येणार नाही’ हा पूर्वांगाच्या निषेधाचा दोष आहे आणि नदीकाठी त्याची किंमत परीक्षेतील गुणांत मोजली जात नाही. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठणपासून नांदेडपर्यंतचा गोदाकाठ जलमय झाला होता. आपल्या गावावरील आभाळ पाहून नदीचा निर्णय करणे तेव्हा कोणासही परवडण्यासारखे नव्हते.

हे दोन्ही युक्तिवाद वैध ठरावयाचे तर ‘तर’च्या जागी ‘तरच’ हवे. ‘पाऊस झाला तरच पूर येतो’ असे म्हटले की, पुरावरून पाऊस आणि पावसाच्या अभावावरून पुराचा अभाव, हे दोन्ही निष्कर्ष निघतात. (ते विधान खरे नाही, ही गोष्ट अलाहिदा.) मराठीत हा ‘च’ जेथे बसेल तेथे अर्थ फिरवितो. ‘पावसाने पूर येतोच’ याचे चिन्हरूप प ⊃ न असे होईल. ‘पावसानेच पूर येतो’ याचे न ⊃ प. शब्द तेच, केवळ एक अक्षर सरकले, आणि पूर्वांग-उत्तरांगांची अदलाबदल झाली. सातव्या शतकात धर्मकीर्तीने संस्कृतातील ‘एव’ या निपाताचे स्थानपरत्वे तीन अर्थ वेगळे केले. त्यांपैकी विशेष्याला जोडलेल्या ‘एव’चा ‘अन्ययोगव्यवच्छेद’, म्हणजे इतरांशी असलेल्या संबंधाचे निवारण, हा अर्थ ‘पावसानेच’ यास नेमका लागू पडतो. मात्र तिन्ही अर्थ मराठीत जसेच्या तसे उतरत नाहीत. क्रियापदाला जोडलेला ‘एव’ संस्कृतात ‘कधीच घडत नाही असे नव्हे’ एवढेच सांगतो. मराठीतील ‘येतोच’ त्याहून बळकट आहे.

संवाक्याकडे वळले असता तोच दोष दुसऱ्या नावाने भेटतो. ‘पावसाचे सर्व पूर गढूळ असतात; हा पूर गढूळ आहे; म्हणून हा पावसाचा पूर आहे.’ येथे ‘गढूळ’ हे मध्यपद दोन्ही आधारविधानांत अव्याप्त आहे, आणि तेवढ्याने युक्तिवाद बाद होतो. नियम पाठ असणाऱ्यास हे सांगता येते. ते का, हे सांगता येतेच असे नाही. १८७९ मध्ये फ्रेगेने सर्ववाचक विधानाची फोड ‘कोणतीही वस्तू घ्या, ती अमुक असेल तर ती तमुक आहे’ अशा सोपाधिक रूपात केली. ही फोड ध्यानी घेतली की, अव्याप्त मध्यपदाचा हा दोष म्हणजे उत्तरांग-स्वीकाराचाच दोष होय, हे उघड होते. अध्यापनात संवाक्य आणि चिन्हे यांच्यामध्ये जी भिंत उभी केली जाते ती या ठिकाणी पडते.

आता दुरुस्त केलेला युक्तिवाद चिन्हांत मांडता येईल. ‘न’ म्हणजे पूर आहे, ‘प’ म्हणजे पाऊस झाला, ‘ध’ म्हणजे धरणातून पाणी सोडले.

१. न ⊃ (प ∨ ध) (आधारविधान)
२. न (आधारविधान)
३. ~ध (आधारविधान)
४. प ∨ ध (१ व २ वरून, विधायक रीतीने)
५. प (४ व ३ वरून, विकल्पाच्या निरासाने)

यातील चौथी व पाचवी ओळ कोणीही तपासावी. तीत नदीचे ज्ञान लागत नाही. मूळच्या सदोष युक्तिवादाची परीक्षाही तितकीच यांत्रिक आहे. प असत्य व न सत्य अशी सत्यता-सारणीतील ओळ घेतली की, दोन्ही आधारविधाने सत्य राहून निष्कर्ष असत्य ठरतो. एक प्रतिदृष्टान्त पुरेसा होतो.

पहिल्या ओळीविषयी मात्र चिन्हे मौन धारण करतात. पुराची कारणे दोनच आहेत हे कोणी ठरविले? वात्स्यायनाचा फेस आणि वाहून आलेली लाकडे या ओळीसाठीच होती. व्याप्तीच्या ग्रहणाचा जो प्रश्न नैयायिकांनी इतका ताणून धरला, तो आकारिक तर्कशास्त्राने सोडविलेला नसून आपल्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. म्हणून सव्यभिचार हेत्वाभासास आकारिक दोषाचा पर्याय म्हणून जे शिकवितात ते विद्यार्थ्याची दिशाभूल करतात. पहिल्यात व्याप्तीच खोटी असते, दुसऱ्यात व्याप्ती खरी असूनही ती उलटी वापरली जाते. पुराऐवजी झरीच्या ओढ्यातील साधे पाणी हा विषय घेतला, तर मुरलेल्या पाण्याचा पाझर हा तिसरा विकल्प पहिल्या ओळीत घालावा लागेल आणि त्याच्या निरासासाठी आणखी एक आधारविधान शोधावे लागेल. ते मिळविण्यासाठी ओढ्याच्या काठाने वर चालत जावे लागते.