कटरला पाय द्या, कंबरेला आराम द्या

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर कंत्राटावर राबायचे आणि रविवारी वस्तीत खिडकीचे ग्रिल, गॅलरीची जाळी, पत्र्याची शेड अशी कामे घ्यायची, असे करणारे तरुण पालघर परिसरात पुष्कळ आहेत. मृगाच्या आधी तर शेडच्या कामांना उसंत नसते. कंपनीतले काम आज आहे, उद्या नाही. हाताला असलेला हुन्नर मात्र आपल्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून या हुन्नराची आणि ज्या शरीरावर तो उभा आहे त्या शरीराची काळजी घेणे हा संसाराचाच प्रश्न आहे.

लोखंड कापायचे कट-ऑफ मशीन, ज्याला आपले कारागीर नुसते 'कटर' म्हणतात, बहुतेक ठिकाणी जमिनीवर ठेवून चालवले जाते. कारागीर उकिडवा बसतो, मान खाली, चेहरा चाकाच्या रेषेत. पाइपाचे दुसरे टोक विटेवर नाहीतर पोराच्या हातात. चौदा इंची चाक मिनिटाला साधारण ३८०० फेरे घेते. म्हणजे त्याची कड ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. पाइप हलला, चाक अडकून फुटले, तर उकिडव्या माणसाला बाजूला सरायलाही वेळ मिळत नाही. कंबरेचे दुखणे तर रोजचेच.

यावर उपाय म्हणजे घडीचे स्टँड. एका खोलीच्या घरात कायमचे टेबल मावत नाही. घडीचे स्टँड मात्र भिंतीला टेकून राहते आणि टेम्पोत किंवा रिक्षात घालून कामावर नेता येते. ज्याला वेल्डिंग येते त्याला ते एका सुट्टीच्या दिवसात करता येईल.

सामान थोडेच आहे. २५ × २५ मिमी, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, सहा मीटरच्या दोन लांब्या. थोडी ४० × ५ ची पट्टी, १२ मिमीचे चार बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट. नायलॉक यासाठी की मशीनच्या थरथरीने साधा नट सैल होतो. पाइप सव्वाआठ मीटर लागतो, वजन साडेअकरा किलोच्या आसपास भरते. उरलेल्या तुकड्यांतून लांब पाइपाला टेकू द्यायची छोटी घोडी होते.

प्रथम जमिनीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढा. वरची चौकट ९०० × ४०० मिमी. लांबीचे दोन तुकडे ९०० चे, आडवे चार तुकडे ३५० चे. मधले दोन आडवे मशीनच्या पायांची भोके मोजून त्याखाली येतील असे लावा. चारही कोपऱ्यांना आधी फक्त टाका मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ९८५ मिमी आले की चौकट गुण्यात आहे असे समजा. मगच पक्के वेल्ड करा, तेही समोरासमोरचे कोपरे घेत, नाहीतर चौकट पिळते. एवढ्या पातळ पाइपाला अडीच मिमीचा रॉड आणि ६० ते ८० अँपिअर पुरतात. पाइप गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डच्या जागेचा जस्ताचा थर घासून काढा, त्याचा धूर वाईट.

पाय कात्रीसारखे. ८९० मिमीचे चार तुकडे. बाहेरची जोडी वरच्या चौकटीएवढी ४०० रुंद, आतली ३४४, म्हणजे दोन्ही बाजूंना वॉशरपुरती जागा राहते. चारही पायांना बरोबर मध्यावर भोक पाडून बोल्ट घाला. पातळ पाइपातले भोक लवकर ढिले पडते, म्हणून आत नळीचा छोटा तुकडा बसवून वेल्ड करा. बाहेरच्या पायांची वरची टोके चौकटीच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या पट्टीच्या कानांत बोल्टने अडकवा. आतल्या जोडीला वर २९४ चा आडवा तुकडा द्या. तो चौकटीखालच्या पट्टीच्या दोन खाचांत बसतो. खाचेला आडवी पिन हवीच, तिच्याशिवाय स्टँड उघडू नका.

तळाशी दोन्ही जोड्यांना ६०० मिमीचा आडवा पाय लावा, पण तो पायांच्या खालच्या अंगाला. मध्ये लावला तर घडी अडकते. हा पाय दोन्हीकडे थोडा बाहेर येतो म्हणून स्टँड पुढे-मागे कलंडत नाही. पाय साडेपाचशे मिमी फाकले की उंची जमिनीपासून साधारण अडीच फूट भरते. कारागीर उंच असेल तर पाय त्या मानाने लांब घ्या. शेवटी दोन हात रेड ऑक्साइड आणि वर रंग. आपली हवा खारी आहे, उघडे लोखंड एका पावसाळ्यात गंजते.

मशीन चौकटीला बोल्टने आवळूनच चालवा. पाइप शिकंज्यात घट्ट हवा, चाक पूर्ण वेगात आल्यावरच हात खाली न्या. चाकाच्या मधल्या कडीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती पाहून घ्या. ओले झालेले किंवा तडा गेलेले चाक फेकून द्या. या चाकाने लाकूड कापू नये, त्याच्या बाजूवर काही घासू नये. चष्म्याशिवाय बटण दाबू नये. दोन हजार वॅटच्या मशीनला १६ अँपिअरचा प्लग आणि पक्के अर्थिंग लागते.

घरातल्या माणसांशीही ठरवून घ्या. ठिणग्या कुठे जातात ते पाहा. त्या दिशेला गॅसची टाकी, वाळत घातलेले कपडे, लहान मूल नको. काम झाल्यावर अर्धा तास तिथे नजर ठेवा, ठिणगी धुमसत राहते.

एक शेवटचे. वेल्डरचा आयटीआय अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पासही चालते. मुलींनाही तो शिकता येतो. काम वाढले की उद्यम नोंदणी करा. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. स्वतःच्या नावाचे बिल देणारा कारागीर ठेकेदाराच्या दारात उभा राहत नाही, ठेकेदारच त्याचा पत्ता विचारत येतो.