झेरॉक्सच्या रांगेतला प्रश्न

जून महिना लागला की आमच्या मोहल्ल्यातील झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लागते. कुणाला दाखल्याच्या प्रती हव्या असतात, कुणाला थोरल्या भावाच्या जुन्या वह्यांच्या. यंदा त्या रांगेत आमच्या नात्यातली नववीतली मुलगी आपल्या अब्बूंना विचारत होती, "अब्बू, पुस्तकाची पानं झेरॉक्स करणं म्हणजे चोरी ना? शाळेत एक सर आले होते, त्यांनी सांगितलं." अब्बू म्हणाले, "मग हा दुकानवाला सकाळपासून चोऱ्याच करतोय म्हणायचा!" रांगेतले लोक हसले. मुलीला मात्र उत्तर मिळाले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते तिथल्या तिथे देता आले नाही. म्हणून थोडी शोधाशोध केली. (झेरॉक्स हा शब्दही एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचा ट्रेडमार्क आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

मुलांना कॉपीराइटचे धडे देण्याची ही रीत अमेरिकेत बरीच जुनी आहे. 1992 साली तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने 'डोंट कॉपी दॅट फ्लॉपी' नावाची एक चित्रफीत काढली. त्यात एक रॅप गायक दोन मुलांना फ्लॉपीवरचा खेळ मित्रासाठी उतरवून घेऊ नका, असे नाचतगात सांगतो. 2003 मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या संघटनेने स्वयंसेवक थेट शाळांच्या वर्गांत पाठवले. 2006 मध्ये रेकॉर्ड कंपन्यांची संघटना तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी 'म्युझिक रूल्स' हा अभ्यासक्रम घेऊन आली. दुकानातून वस्तू उचलणाऱ्याला इंग्रजीत 'शॉपलिफ्टर' म्हणतात. त्याच चालीवर या मंडळींनी गाण्याची नक्कल करण्याला 'साँगलिफ्टिंग' हा नवा शब्द घडवला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी!

पण आम्हाला सर्वांत बोलकी वाटली ती कॅनडाची हकीकत. तिथे 'ॲक्सेस कॉपीराइट' नावाची संस्था आहे. शाळा-कॉलेजांत पुस्तकांच्या ज्या प्रती काढल्या जातात, त्यांचे शुल्क गोळा करून लेखक-प्रकाशकांना वाटणे, हे तिचे काम. म्हणजे शाळेतली झेरॉक्स हा तेव्हा तिच्या उत्पन्नाचा एक मोठा मार्ग होता. या संस्थेने 2006 मध्ये 'कॅप्टन कॉपीराइट' नावाचा एक महानायक काढला. अंगात झगमगीत पोशाख, चित्रकथा, शिक्षकांसाठी तयार पाठ, अगदी पहिलीच्या वर्गापासून. नक्कल करणाऱ्यांना हा कॅप्टन धडा शिकवतो.

यावर तिथले ग्रंथपाल आणि कायद्याचे अभ्यासक उठले. त्यांचे म्हणणे साधे होते: जो शुल्क वसूल करतो, त्यानेच शुल्क कधी द्यायचे हे मुलांना शिकवावे काय? दोनच वर्षांपूर्वी, 2004 मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले होते की अभ्यासासाठी, संशोधनासाठी केलेला उचित वापर ही कुणी केलेली मेहेरबानी नव्हे, तो वापरणाऱ्याचा हक्क आहे. तो खटलाही एका ग्रंथालयातील फोटोकॉपीवरूनच झाला होता. कॅप्टनच्या पाठांत या हक्काला मात्र नीट जागा नव्हती. टीका वाढत गेली आणि 2007 च्या सुरुवातीला कॅप्टनसाहेबांनी गाशा गुंडाळला.

अमेरिकेतही 2009 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने कंपन्यांच्या धड्यांना उत्तर म्हणून आपला वेगळा अभ्यासक्रम काढला. त्यात काय करू नये यासोबत काय करता येते, हेही होते.

आपल्याकडे हे काम मुख्यतः सरकारने हाती घेतले. 2018 मध्ये 'आयपी नानी' नावाची एक आजीबाई आली. 8 डिसेंबर 2021 पासून दहा लाख विद्यार्थ्यांना बौद्धिक संपदेची ओळख करून देण्याची मोहीम देशभर चालली. ओळख व्हावी, यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. प्रश्न आहे तो अर्ध्याच ओळखीचा.

कारण आपल्याच देशात याच विषयावर केवढा मोठा खटला झाला! दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचे छोटे दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनातली निवडक प्रकरणे एकत्र करून ते विद्यार्थ्यांना स्वस्तात देत असे. एकेक परदेशी पुस्तक हजारो रुपयांचे, त्यातले हवे असते एकच प्रकरण. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ दोघांवर दावा ठोकला. विद्यार्थी न्यायालयात उतरले. ज्यांची पुस्तके हे प्रकाशक छापतात, त्या अमर्त्य सेन यांनीही दावा पुढे न रेटण्याचे आवाहन केले.

16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकालात नमूद केले. अपिलात खंडपीठानेही शिकवण्यासाठी अशा प्रती काढता येतात हे तत्त्व मान्य केले. ही पाने खरोखरच शिकवण्यासाठी लागत होती का, एवढे तपासायला प्रकरण परत पाठवले. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

हे सारे 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी उचित वापर, शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत, समीक्षेसाठी उतारा, अपंगांना वाचता यावे म्हणून केलेली प्रत, या सगळ्यांना तिथे मुभा आहे. संपूर्ण गाईडच्या प्रती काढून विकायला ठेवल्या तर मात्र हे कलम आधाराला येत नाही. नवा सिनेमा मोबाइलवर फुकट उतरवून मोहल्लाभर वाटण्यालाही नाही. तिथे सरांचे म्हणणे बरोबरच आहे.

आणखी एक गोष्ट या धड्यांत सहसा नसते. नक्कल केली की कलावंताच्या पोटावर पाय येतो, असे मुलांना सांगितले जाते. पण आपल्या सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचे हक्क वर्षानुवर्षे निर्माते आणि संगीत कंपन्याच लिहून घेत आल्या. त्यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळावा आणि तो कुणाला लिहून देता येऊ नये, यासाठी 2012 मध्ये कायदा बदलावा लागला. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर झगडले. कलावंताचे पोट कोणी मारले, या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला घरी बोलावले. तिला हवी होती संदर्भपुस्तकातली बारा पाने. ती अभ्यासासाठी खुशाल झेरॉक्स कर, म्हटले. बालभारतीची पुस्तके तर पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात, हे तिच्या अम्मीलाही ठाऊक नव्हते. मग तिने विचारले, स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवतोय, ते चालेल का? कलम 52 पुन्हा उघडले. प्रेक्षकांत शाळेचे कर्मचारी, विद्यार्थी आणि पालकच असतील, तर शाळेच्या अशा कार्यक्रमाला मुभा आहे. "तिकीट लावलं तर?" तिने लगेच विचारले. बाहेरच्यांना तिकिटे विकायची असतील तर आधी परवानगी काढा, असे सांगून आम्ही तिला चहा दिला.