नेत्राश्रुमार्गाचे आकुंचन : स्वरूप, कारणे व उपचार

प्रस्तावना :
रहाटणी हा पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील दाट वस्तीचा भाग आहे. धूळ, धूर व वाहतूक यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या येथील नागरिकांस डोळ्यांतून पाणी येणे ही बाब नवीन नाही. तथापि धुळीने येणारे पाणी दोन्ही डोळ्यांतून येते व काही वेळाने थांबते. एकाच डोळ्यातून महिनोन्‌महिने पाणी वाहत असेल, तर दोष बहुधा अश्रूंच्या निर्मितीत नसून त्यांच्या निचऱ्यात असतो. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अश्रुमार्गाची रचना :
अश्रुग्रंथीतून स्रवणारे अश्रू डोळा ओला ठेवतात आणि पापण्यांच्या नाकाकडील टोकाशी असलेल्या दोन सूक्ष्म छिद्रांत शिरतात. तेथून सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या बारीक नलिकांमधून ते अश्रुकोशात व पुढे नासाश्रुनलिकेद्वारे नाकात उतरतात. पापणीची प्रत्येक उघडझाप या मार्गात पंपाचे कार्य करते. रडताना नाक वाहते, ते याच कारणाने.

आकुंचनाची कारणे :
नवजात बालकांत नलिकेच्या नाकाकडील तोंडावर पातळ पडदा राहून जातो. प्रौढांमध्ये दीर्घकालीन दाहाने नलिका हळूहळू अरुंद होते. मध्यमवयानंतरच्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळते. त्यांच्या अस्थिनलिकेचा मूळचा व्यास कमी असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. नाकास झालेली इजा, नाकाचे विकार व क्वचित अर्बुद हीही कारणे होत.

लक्षणे :
साचलेल्या अश्रूंत जंतूंची वाढ होऊन अश्रुकोशाचा दाह होतो. नाकाच्या मुळाशी सूज येते व दाबल्यास पू बाहेर पडतो. लोकभाषेत यास लासूर म्हणतात. सुश्रुतसंहितेत नेत्रसंधीच्या रोगांत ‘पूयालस’ हा याच्याशी मिळताजुळता विकार वर्णिलेला आहे.

निदान व उपचार :
अश्रुछिद्रातून पिचकारीने क्षारजल सोडले असता ते घशात उतरल्यास मार्ग मोकळा असतो. उलट परतल्यास अवरोध समजावा. बालकांत अश्रुकोशावर बोटाने वरून खाली दाब देण्याची पद्धत क्रिग्लर यांनी १९२३ मध्ये मांडली. सुमारे ९० टक्के बालकांत वर्षभरात मार्ग आपोआप मोकळा होतो. न झाल्यास शलाकेने तो उघडतात. मात्र बालकास उजेड सहन होत नसेल व बुबुळ मोठे दिसत असेल, तर जन्मजात काचबिंदूची शक्यता असल्याने विलंब करू नये.

प्रौढांत औषधाने संसर्ग आटोक्यात येतो, परंतु अवरोध दूर होत नाही. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि प्रतिजैविके या परिसराच्या परिचयाची झाली. पण प्रतिजैविक जंतू मारते, अरुंद वाट रुंद करीत नाही. त्यासाठी अश्रुकोश व नाक यांमधील हाड काढून नवा मार्ग करावा लागतो. ही शस्त्रक्रिया इटलीतील तोती यांनी १९०४ मध्ये वर्णिली. आज ती नाकातून दुर्बिणीद्वारेही केली जाते व बहुसंख्य रुग्णांत यशस्वी ठरते.

दुर्लक्षाचा धोका :
अश्रुकोशात पू असताना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यास जंतू नेत्रगोलात शिरून दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणूनच भारतात त्या शस्त्रक्रियेपूर्वी अश्रुमार्ग तपासण्याची पद्धत रूढ आहे. वृद्ध रुग्णांनी पाणी येत असल्याची माहिती स्वतःहून डॉक्टरांस देणे अगत्याचे आहे.

समारोप :
डोळ्यातून सतत येणारे पाणी हे धुळीचे वा वयाचे साहजिक लक्षण मानून काजळ, गुलाबपाणी अथवा मनाने आणलेले थेंब वापरीत राहणे योग्य नव्हे. अश्रुमार्गाची साधी तपासणी थोड्या वेळात होते. तीत झालेला विलंब मात्र प्रसंगी दृष्टीच्या मोलाचा ठरतो.