क्लचवरनं पाय काढ, माय!

हिंजवडी, बाणेर, पवई... कुठल्याही आयटी पार्कच्या बेसमेंटमध्ये एक चक्कर मारा. एक तरी थार दिसणारच! जाडजूड टायर, टपावर लाइट, मागे डोंगराचं स्टिकर. आता मालकाला हळूच विचारा, ‘‘बॉस, गिअरच्या शेजारची ती छोटी दांडी कधी टाकलीयस?’’ उत्तर ठरलेलं... ‘‘लोणावळ्याला एकदा ट्राय केली होती रे!’’ काहींच्या गाडीत तर ती दांडी नसतेच. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हर्जनमध्येही मिळते. दिसायला जवळजवळ सेम टू सेम!

मला या दांडीचा फंडा मामाने शिकवला. तोही एखाद्या ऑफ-रोडिंग क्लबमध्ये नाही, तर परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, आमच्या आखाड्यावर. (कुस्तीचा आखाडा नव्हे! आमच्याकडे शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात.) पूर्णा म्हटलं की लोकांना आठवतं रेल्वे जंक्शन, मनमाड-सिकंदराबाद लाइनवरून अकोल्याकडे गाडी वळते ते. पण स्टेशन सोडून थोडं आत गेलात की सुरू होते ती काळी, भारी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून नुसता लगदा. शंभर पावलं चाललात तर चपलेला दोन किलो चिखल! टायरचंही तेच होतं. खाचा भरल्या की महागडा ऑफ-रोड टायरसुद्धा गुळगुळीत चकतीसारखा फिरत राहतो.

मामाकडे जुनी फोर बाय फोर पिकअप आहे, मॅन्युअल गिअरची. ‘ट्रान्सफर केस’ हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारलेला नाही. ‘‘ट्रॅक्टरला हाय-लो असतंय का नाही? तसंच हे,’’ एवढंच त्यांचं लेक्चर. आणि ते बरोबर आहे हो! आठ गिअरचा ट्रॅक्टर म्हणजे बहुतेक वेळा चार गिअर आणि हाय-लो अशा दोन रेंज. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपलाही मुख्य गिअरजवळ दोन छोट्या दांड्या होत्या. एक पुढची चाकं जोडायला आणि दुसरी हाय-लोसाठी.

जोर हवा, स्पीड नको

लो म्हणजे टर्बो बटण नव्हे. इंजिनची ताकद तीच राहते. गिअरबॉक्सनंतर आणखी एक कपात बसते, बहुतेक गाड्यांत साधारण अडीच पट. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता गाडी ताशी सात-आठ किलोमीटरने सरकत असेल, तर लोमध्ये तीनने. माणसाच्या चालीपेक्षाही हळू! त्या बदल्यात चाकावरचा जोर अडीच पट. म्हणूनच मॅन्युअलमध्ये याची मजा वेगळी आहे. शहरात बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये आपण अर्ध्या क्लचवर जगतो. खडकावर किंवा चढावर तसंच केलं तर दहा मिनिटांत क्लच प्लेटचा वास नाकात जातो. लोमध्ये अर्ध्या क्लचची गरजच उरत नाही. गाडी हलली की पाय पूर्ण वर. ‘‘क्लचवरनं पाय काढ माय, इंजनला ओढू दे!’’ हे वाक्य मामा दिवसातून वीस वेळा म्हणतात.

दांडी टाकायची कशी? गाडी थांबवा. हँडब्रेक ओढा, क्लच पूर्ण दाबा, मुख्य गिअर न्यूट्रलला आणा आणि मग छोटी दांडी फोर-एचमधून फोर-एलमध्ये ठामपणे ओढा. मध्येच थांबायचं नाही. पडत नसेल तर जबरदस्ती नको. क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, नाहीतर गाडी वीतभर सरकू द्या. आणि हे नीट लक्षात ठेवा... त्या दांडीलाही मध्ये एक न्यूट्रल असतो. ती तिथे राहिली तर मुख्य गिअर पहिल्यात टाकून ठेवला तरी गाडी उतारावर घरंगळते. हँडब्रेकचा आग्रह त्यासाठी.

चढावर लो-पहिला, आणि उतरतानाही तोच. इंजिनच गाडी धरून ठेवतं. उतारावर घाबरून क्लच दाबलात तर ती धरपकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चढावर गाडी बंद पडली तर वळवायच्या भानगडीत पडू नका. ब्रेक दाबून ठेवा, लो-रिव्हर्स टाका आणि क्लच सोडून सरळ मागे या.

चिखलाचं गणित उलटं आहे. तिथे लो-पहिल्याचा जोर जास्त होतो, चाक जागीच फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. म्हणून दुसरा किंवा तिसरा टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा आणि मध्ये थांबायचं नाही. चाकं फिरतायत पण गाडी जात नाही असं दिसलं की लगेच पाय काढायचा आणि आल्या चाकोरीने मागे यायचं. तरीही रुतली तर चाकाखाली तुराट्या, पऱ्हाट्या जे मिळेल ते. गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं की मात्र फोर बाय फोर विसरा, चाकं लोंबकळत असतात. मग शेजारच्या ट्रॅक्टरला हाक!

आजी, दमा आणि नाला

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेडला पावसाने झोडपून काढलं. तेव्हा मी आखाड्यावर होते. आजीला दमा आहे. त्या सकाळी तिचा पंप संपत आला होता आणि छाती वाजत होती. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले, डोळ्यावर काळा चष्मा. म्हणजे स्टिअरिंगवर मी! मागच्या सीटवर आजीला टेकवून मामा, आणि पुढे दोन किलोमीटरची पांदण.

लो-दुसरा. एकदाही गिअर बदलला नाही. गाडी डावी-उजवीकडे डुलत होती, पण जात होती. बाहेर बैलगाडीही निघाली नव्हती. मनात म्हटलं, सॉलिड!

आणि मग नाला आला. पुलावरून पाणी वाहत होतं, फार नाही, गुडघ्याएवढं असेल. गाडी उंच, फोर-एल टाकलेला, मागे आजीचा श्वास ऐकू येतोय. पलीकडे पाचशे मीटरवर डांबरी रस्ता दिसत होता. मी म्हटलं, ‘‘मामा, जाईल की!’’

‘‘थांब की. घाई कशाला करायलीस? कठड्याचे दगड दिसल्याबिगर जायचं नाही.’’

तेव्हा राग आला होता, खरं सांगते. नंतर वाचलं तेव्हा पटलं. वाहतं पाणी साधारण ३० सेंटिमीटर असलं तरी छोटी कार वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक एसयूव्हीसुद्धा. कंपन्या ब्रोशरमध्ये पाण्याची खोली छापतात, थारची ६५० मिलिमीटर. पण वाहत्या पाण्याच्या रेट्याचा हिशोब त्या आकड्यात नसतो. लो गिअर चाकाला जोर देतो, वजन देत नाही. गाडी पाण्यावर उचलली गेली की चारही चाकं फिरून उपयोग काय? शिवाय खालचा पूल जागेवर आहे की नाही, हे दांडीला कुठे कळतं!

आम्ही पावणेदोन तास थांबलो. आजी मध्येच म्हणाली, ‘‘उतरंल पाणी. मी बसते.’’ पंपाचा शेवटचा झोत तिने जपून ठेवला होता. मामा दर पंधरा मिनिटांनी काठी घेऊन कडेला जायचे आणि मी कठड्याकडे बघत बसायचे. दगड दिसले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. लो-पहिला, क्लचवरनं पाय वर, आणि पलीकडे.

डांबरी लागताच मामांची ऑर्डर : टू-एच! हौसेने फोर बाय फोर लावून हायवेवर फिरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. मातीत चाक थोडं घसरून हिशोब जुळवतं, कोरड्या डांबरावर ते जमत नाही. अशा गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळे सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं आणि दांडी अडकून बसते. अडकलीच तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सहसा सुटते.

दवाखान्यात आजीला वाफ दिली. दुपारपर्यंत ती नर्सशी गप्पा मारत होती.

तुमच्या बेसमेंटमधल्या गाडीसाठी एक काम मात्र कराच. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-एच आणि फोर-एल लावून थोडं अंतर चालवा, म्हणजे आतल्या भागांना तेल लागतं आणि दांडी जाम होत नाही. सोसायटीच्या काँक्रीटवर नको, पिळाचं कारण वर सांगितलंच आहे. मामा हे अमावस्येला करतात. त्या दिवशी बैलांना सुट्टी असते ना!